भोंगा वाजेपर्यंत

कोचीहून निघालेली तुमची क्रूझ आज खरं तर दीवच्या वाटेवर असायची. पण रात्री इंजिनात काहीतरी बिघडलं आणि सकाळी स्पीकरवरून सांगणं आलं: बोट दुरुस्तीसाठी मुंबईला लागतेय, दिवसभर मोकळे आहात, रात्री दहाच्या भोंग्याला परत या. तुम्ही तोंड वाकडं करता. मुंबईत काय बघायचं? मुंबई तर आपलीच!

आधी शिडी उतरा. पाचव्या पायरीवर वाऱ्याला दगडी कोळशाचा वास येईल. दहाव्या पायरीवर खिशातला मोबाईल निपचित पडेल. आणि धक्क्यावर पाय टेकेल तेव्हा साल असेल 1937, दिवस वैशाखाचे, आणि तुमच्या मुठीत मुकुटधारी पंचम जॉर्जचा एक चांदीचा रुपया. सोळा आणे, म्हणजे चौसष्ट पैसे. आजची तुमची सगळी पुंजी एवढीच, आणि ती पुरून उरणार आहे.

बॅलार्ड पिअरचा दगड असा तापलाय की चपलेतूनही चटका बसतो. दंडाला पितळी बिल्ला बांधलेले हमाल मात्र त्याच दगडावरून अनवाणी पळताहेत, डोक्यावर एकावर एक तीन ट्रंका. "बाजू, बाजू!" ही हाक कानाआधी पाठीला कळते. धक्क्याला लागूनच आगगाडीचे रूळ आहेत. विलायतेची मेल-बोट आली की साहेबलोक चार पावलं टाकून थेट फ्रंटियर मेलमध्ये बसतात आणि पेशावरपर्यंत जातात. तुमच्यासाठी गाडी उभी नाही. तुम्ही चालायला लागा.

बॅलार्ड इस्टेटच्या दगडी इमारतींच्या सावलीतून पुढे गेलात की लोक वळून बघायला लागतात. गडबडू नका, त्यांचं लक्ष तुमच्या कपड्यांकडे नंतर जाईल. ते आधी बघताहेत तुमचं डोकं, कारण तुमच्या डोक्यावर ना टोपी, ना पदर. इथे काळ्या टोप्या, पांढऱ्या टोप्या, फेटे, पगड्या, फरच्या उंच टोप्या, सोला हॅट... रस्ताभर नुसती डोकी सजलेली आहेत. पोरं बोट दाखवतील. हसा आणि पुढे चला.

घसा कोरडा पडलाय ना? फोर्टात मिंट रोडच्या नाक्यावर मान वर करा. दगडी कारंज्याच्या माथ्यावर एक मुलगा पुस्तक वाचत बसलाय. तो धरमसी, रतनसी मुळजी या कापूस-व्यापाऱ्याचा एकुलता एक मुलगा. कोवळ्या वयात तो गेला आणि बापानं त्याच्या नावानं 1894 मध्ये येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी दिलं. आराखडा केला तो बोरीबंदरचं स्टेशन रचणाऱ्या स्टीव्हन्सनं. पुतळा नंतर बघा, आधी ओंजळ धरा. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं. शेजारी एक गाडीवान आपल्या बैलाच्या तोंडावर पाण्याचा हबका मारतो आणि त्यातले चार थेंब तुमच्यावरही उडतात. ओल्या बैलाचा वास, शेणाचा वास, व्हिक्टोरियाच्या घोड्यांच्या घामाचा वास. या मुंबईत पेट्रोलपेक्षा जनावरांचाच वास जास्त आहे.

बोरीबंदरला पोहोचता तेव्हा साडेअकरा झालेले असतात आणि स्टेशनातून अचानक डब्यांची फौज बाहेर पडते. डोक्यावर माणसाच्या उंचीपेक्षा लांब लाकडी खोकी, खोक्यात ओळीनं पितळी डबे, डब्यांना खुणेचे रंगीत दोरे. महादू हावजी बच्चे यांनी 1890 मध्ये लावलेला हा मावळातल्या माणसांचा धंदा आता चांगला फोफावलाय. एकजण तुमच्या खांद्याला घासून जातो आणि नाकात आमटीची फोडणी शिरते. कुणाची तरी आई किंवा बायको पहाटे उठलीय, आणि तिच्या हातचं ऊन-ऊन जेवण आता हजारो कारकुनांच्या टेबलांकडे निघालंय. तुमच्या नावाचा डबा त्यात नाही, हे पोटाला लगेच समजतं.

म्हणून धोबीतलावाला चला. कयानीच्या दारात 1904 पासून नवखी माणसं थबकतात, तशी तुम्हीही थबका आणि मग आत शिरा. संगमरवरी टेबलावर तळवे टेका. आहाहा! सकाळपासून हाताला लागलेली ही पहिली थंड वस्तू. वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, बरणीत खारी, भट्टीतून आलेल्या ब्रूनचा खरपूस दरवळ. "क्या मंगताय?" पोऱ्या विचारतो आणि तुम्ही तोंड उघडायच्या आत ओरडून ऑर्डर देऊनही टाकतो. ब्रून-मस्का चहात बुडवा. कडक कवच मऊ पडतं, वर लोण्याचे पिवळे डोळे तरंगतात. चहा बशीत ओतून फुर्र करून प्या. इथे आवाज केला म्हणून कुणी नाक मुरडत नाही.

आजूबाजूला बघा. एक पारशी वकील, एक गोवेकर वाजंत्री, एक मुसलमान टांगेवाला, एक कोकणी छपाई कामगार. बाहेरच्या जगात हे चौघं एका पंगतीला बसायचे नाहीत. इथे शेजारच्या खुर्चीत कोण, याची चौकशी कुणी करत नाही. गल्ल्यावरचा इराणी स्वतःच यझ्दकडच्या कोरड्या मुलखातून पोटासाठी इथवर आलाय. परक्या गावात भूक लागली की काय होतं, ते त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

आता ट्राम. ती थांबेल याची वाट बघू नका, ती हळू झाली की दांडी धरून चढा. पुढे उभा असलेला ड्रायव्हर पायानं घंटा बडवतो: ठण्, ठण्, ठण्. रुळात चाकं किंचाळतात, डोक्यावरच्या तारेतून निळी ठिणगी उडते. कंडक्टरच्या हातावर आणा ठेवा. दोन्ही बाजू उघड्या, त्यामुळे वारा आणि गिरगाव एकदमच अंगावर येतात. चाळींच्या सज्जातून लोंबणारी नऊवारी लुगडी, पेटीवर सूर धरणारं कुणीतरी, दळणाचा वास, आणि या सगळ्यावर पसरलेला गवतातल्या हापूसचा घमघमाट. कोकणातून आलेल्या आंब्याच्या पेट्या दारोदारी फुटताहेत. गल्लीतली पोरं बाठे चोखून हनुवटीपर्यंत पिवळी झालीत.

सेंट्रल सिनेमापाशी उतरा. इथे प्रभातचा 'संत तुकाराम' महिन्यामागून महिने मुक्काम ठोकून आहे. पुढच्या बाकांचं स्वस्तातलं तिकीट काढा. आत घाम, मोगरा, विडी आणि खोबरेल तेल यांचा मिळून एकच वास झालाय, आणि पंखे तोच वास गोल फिरवताहेत. पडद्यावर विष्णुपंत पागनीस डोळे मिटून गातात तेव्हा अख्खं थेटर गप्प होतं. पण तुम्ही बायकांच्या बाकांकडे कान लावा. जिजाई चिडून पांडुरंगाला जाब विचारायला निघते, तेव्हा तिथे हसू आणि हुंदका एकदमच फुटतो. घरात दाणा नाही, नवरा देवापाशी, आणि पोरांची तोंडं उघडी. हा हिशेब त्या सगळ्याजणींना तोंडपाठ आहे.

बाहेर येता तेव्हा ऊन उतरलेलं असतं. खांबाखांबाशी थांबत, लांब काठीनं गॅसचे दिवे लावत एक माणूस पुढे सरकतोय. तुम्ही लालबागकडची ट्राम पकडता. वाटेत हापूसच्या गोड वासाची जागा तेलकट धुराचा वास घेतो, आकाशात चिमण्या दाटतात, आणि अचानक भोंगा वाजतो!

तुम्ही ताडकन उठता. बोट सुटली! शेजारचा माणूस हसत तुम्हाला खाली बसवतो. "बसा ओ पाव्हणं. गिरणी सुटली." तिचा भोंगा संपतो न संपतो तोच दुसऱ्या गिरणीचा सुरू होतो, मग तिसरीचा. फाटकं उघडतात आणि रस्ता माणसांनी भरून जातो. पाळी नऊ तासांची. कुणाच्या भुवयांवर, कुणाच्या मिशांवर कापसाचे पांढरे तंतू, म्हणून पंचविशीतले गडीही म्हातारे दिसतात. साच्यांच्या खडखडाटात दिवस काढल्यानं सगळे ओरडूनच बोलतात. ट्राममधला तो साताऱ्याकडचा माणूस तुमच्या रिकाम्या हातांकडे बघतो. "जेवलात का?" उत्तराची वाट न बघता तो तुम्हाला ओढतच चाळीचा जिना चढवतो.

एक खोली. दोरीवर वळकट्या, कोपऱ्यात पत्र्याच्या ट्रंका. इथे रात्रपाळीचा माणूस उठतो त्या जागेवर दिवसपाळीचा पाठ टेकतो. शेजारच्या खोलीत खानावळ: चुलीचा धूर डोळ्यांत, भाकरी थापल्याचा एकसारखा आवाज, भाजलेल्या सुकटीचा जळजळीत वास. बाई मान वर न करता विचारतात, "कुठलं गाव म्हनायचं?" तुम्ही सांगता. गावाच्या नावावरून बाकीचं सगळं ओळखायची इथली रीत आहे आणि कुणाला कुठे बसवायचं तेही त्यावरच ठरतं. इराण्याच्या टेबलावर न विचारलेला प्रश्न इथे पहिला येतो. बाई क्षणभर बघतात, मग हातानं खूण करतात, "बसा."

ताटली पुढे येते. ज्वारीची भाकरी, लालभडक कालवण, मुठीनं फोडलेला कांदा, खर्डा. पहिल्या घासाला नाकातून पाणी येतं, तिसऱ्या घासाला कानशिलं तापतात, आणि मग हात थांबतच नाही. जेवण झाल्यावर तुम्ही उरलेले आणे पुढे करता. बाई ते परत सारतात. "मी पैसं म्हैन्याला घेते. एका ताटाचा हिशेब कुठं ठेवू?"

तुम्ही भिंतीला टेकून बसलेल्या या गड्यांकडे नीट बघा. यांतला प्रत्येकजण एके दिवशी भाऊच्या धक्क्यावर नाहीतर बोरीबंदरला असाच उतरला. ना काम, ना ओळख, हातात एक वळकटी. कुणीतरी पाणी दिलं, कुणीतरी चहा, कुणीतरी झोपायला भिंतीकडची हातभर जागा. हे शहर दगडानं बांधलं म्हणतात, पण ते उभं राहिलं या देण्याघेण्यावर. तुमचे आजोबा-पणजोबा कधी मुंबईला आले असतील, तर त्यांचंही पहिलं ताट कुणीतरी वाढलेलं आहे.

तेव्हा संकोच सोडा आणि बाई टाकताहेत ती दुसरी भाकरी घ्या. आणि हो, दारात ट्रंक घेतलेला एक नवा पोरगा येऊन उभा राहिलाय. जरा सरका, त्याला बसू द्या.