भारतीय विद्यापीठांतील रशियन भाषाभ्यास : उदय, प्रयोजन आणि ओहोटी

प्रस्तावना

स्वातंत्र्योत्तर भारतात ज्या परकीय भाषांना विद्यापीठीय स्तरावर स्थान मिळाले, त्यांत रशियन भाषेचा इतिहास काहीसा वेगळा आहे. फ्रेंच आणि पोर्तुगीज या भाषा वसाहतींबरोबर येथे आल्या, तर जर्मन भाषेला प्राच्यविद्येच्या अभ्यासकांनी जवळ केले. रशियन भाषेच्या पाठीशी मात्र एका राज्यसंस्थेचे दुसऱ्या राज्यसंस्थेशी असलेले सख्य उभे होते. जी भाषा राजकीय मैत्रीच्या बळावर विद्यापीठात येते, तिचे ती मैत्री बदलल्यावर काय होते, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

पूर्वपीठिका

या संबंधांचा आरंभ सामान्यतः अफनासी निकितीन या त्वेरच्या व्यापाऱ्यापासून सांगितला जातो. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो चौलच्या बंदरात उतरला, जुन्नरला राहिला आणि पुढे बिदरला गेला. महाराष्ट्राच्या दृष्टीने ही घटना लक्षणीय असली तरी भाषाभ्यासाच्या दृष्टीने तिचे महत्त्व मर्यादित आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस गेरासिम लेबेदेव याने कलकत्त्यात १७९५ साली बंगाली नाटकाचा प्रयोग केला आणि १८०१ मध्ये लंडनला हिंदुस्थानी बोलींचे व्याकरण प्रसिद्ध केले. पुढे सेंट पीटर्सबर्ग येथे बोटलिंक व रोट यांचा सात खंडांचा संस्कृत कोश (१८५५–१८७५) सिद्ध झाला. येथे एक विसंगती नोंदविणे आवश्यक आहे. रशियाच्या राजधानीत छापलेल्या या कोशाची भाषा जर्मन होती. त्यामुळे तो हाताळणाऱ्या भारतीय संस्कृत पंडितांना रशियन शिकण्याची गरजच भासली नाही.

म्हणजेच या काळात ज्ञानाचा ओघ मुख्यतः एकाच दिशेने वाहत होता. रशियन विद्वान भारतीय भाषा शिकत होते, भारतीय विद्वान रशियन शिकत नव्हते. सोव्हिएत काळातही ही परंपरा तिकडे खंडित झाली नाही. बारान्निकोव्ह यांनी केलेला रामचरितमानसाचा पद्य अनुवाद १९४८ मध्ये प्रकाशित झाला, तर कातेनिना यांची मराठी व्याकरणाची रूपरेषा १९६३ मध्ये मॉस्कोत प्रसिद्ध झाली.

पोलाद, विमाने आणि भाषा

दिल्ली विद्यापीठात रशियनचे अध्यापन १९४६ च्या सुमारास सुरू झाले होते. तथापि या भाषेला खरे बळ मिळाले ते पुढच्या दशकात. १९५३ चा व्यापार करार, फेब्रुवारी १९५५ मधील भिलाई पोलाद कारखान्याचा करार आणि त्याच वर्षी झालेल्या पंडित नेहरू व ख्रुश्चॉव्ह यांच्या परस्परांच्या देशांना भेटी, या घटनांनी रशियन जाणणाऱ्या माणसांची अकस्मात निकड निर्माण केली. १९५८ मध्ये पवई येथे मुंबईची भारतीय तंत्रविज्ञान संस्था युनेस्कोमार्फत मिळालेल्या सोव्हिएत साहाय्यातून उभी राहिली. १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझर येथे मिग विमानांचा कारखाना स्थापन झाला. अशा प्रकल्पांसाठी यंत्रे जशी तिकडून येत, तसे तज्ज्ञही येत आणि आरेखने व पुस्तिकाही येत. त्यांच्यासाठी दुभाषी हवा होता आणि अनुवादकही हवा होता.

या निकडीला संस्थात्मक रूप मिळाले ते १९६५ साली, दिल्लीत 'इन्स्टिट्यूट ऑफ रशियन स्टडीज' स्थापन झाल्यावर. १९६९ मध्ये ही संस्था नवजात जवाहरलाल नेहरू विद्यापीठात समाविष्ट झाली. एका सबंध विद्यापीठाच्या भाषाविषयक शाखेच्या पायाशी रशियनसाठी काढलेली संस्था असावी, ही गोष्ट त्या काळातील या भाषेचे वजन दर्शविते. पुणे व मुंबई विद्यापीठांतही रशियनचे अध्यापन रुजले.

दुसरा मार्ग थेट मॉस्कोला जाणारा होता. फेब्रुवारी १९६० मध्ये तेथे लोकमैत्री विद्यापीठाची स्थापना झाली आणि १९६१ मध्ये त्याला पॅट्रिस लुमुंबा यांचे नाव देण्यात आले. आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतील विद्यार्थ्यांना तेथे प्रथम पूर्वतयारीच्या विभागात रशियन शिकविली जाई आणि पुढे अभियांत्रिकी, वैद्यक, कृषी इत्यादी विषय त्याच भाषेतून शिकावे लागत. दिल्लीतील विद्यार्थी रशियन हा विषय शिकत होता, तर मॉस्कोतील विद्यार्थी रशियनमधून विषय शिकत होता. भाषाप्रभुत्वाचा विचार केल्यास हा भेद लहान नव्हे.

वर्गातील रशियन

भारतीय वर्गात रशियन शिकविली गेली ती प्रामुख्याने इंग्रजीच्या माध्यमातून. मॉस्कोहून येणारी पाठ्यपुस्तके इंग्रजी स्पष्टीकरणांची होती आणि त्यांत इंग्रजी भाषकाच्या अडचणी गृहीत धरलेल्या असत. मराठी भाषकाच्या अडचणी निराळ्या आहेत, आणि त्याच्या सोयीही निराळ्या आहेत. रशियनमध्ये तीन लिंगे आहेत, मराठीतही आहेत. सहा विभक्तींचे इंग्रजी वाचकाला वाटणारे भय शाळेत विभक्तिप्रत्यय शिकलेल्या मराठी विद्यार्थ्याला तितके वाटण्याचे कारण नाही. भूतकाळी क्रियापद लिंगानुसार बदलते, ही गोष्ट 'तो आला, ती आली' म्हणणाऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. 'मला आवडते', 'मला वीस वर्षे झाली' या वाक्यांतील 'मला' रशियनमध्येही चतुर्थीतच येतो. 'माझ्याकडे पुस्तक आहे' या रचनेला तिकडे जवळजवळ तसाच पर्याय आहे. 'तू' आणि 'तुम्ही' यांतील सामाजिक अंतर रशियन माणूसही पाळतो. इतकेच नव्हे, तर 'चाक' या शब्दातील दंत्य 'च'चा उच्चार रशियन वर्णमालेत एका स्वतंत्र अक्षराने दाखविला जातो.

अर्थात कठीण भागही आहे. मृदू व कठोर व्यंजनांचा भेद आपल्या कानाला अपरिचित आहे. पायी जाणे व वाहनाने जाणे यांसाठी वेगळी क्रियापदे योजावी लागतात. पूर्ण व अपूर्ण क्रियेचा भेद तर प्रत्येक क्रियापदाला चिकटलेला असतो, जरी 'वाचले' आणि 'वाचून टाकले' यांच्या आधारे त्याची वाट दाखविता येते. मराठीतून रशियनकडे जाणारा हा जवळचा मार्ग सोडून विद्यार्थ्याला इंग्रजीच्या वळणाने नेले गेले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्यामागे हेतुपुरस्सर उपेक्षा नव्हती; अध्यापनाचा साचाच आयता आला होता.

साहित्याच्या बाबतीतही हेच घडले. टॉलस्टॉय, चेखव्ह, गॉर्की यांनी मराठी वाचकाच्या मनात घर केले, पण ते बहुतांशी इंग्रजी अनुवादांवरून. अण्णा भाऊ साठे १९६१ मध्ये सोव्हिएत संघात गेले आणि त्यांनी 'माझा रशियाचा प्रवास' लिहिले. गॉर्कीविषयीच्या त्यांच्या आस्थेला विद्यापीठातील रशियन विभागाची गरज पडली नव्हती. याउलट 'प्रगती' आणि १९८२ नंतर 'रादुगा' या मॉस्कोच्या प्रकाशनसंस्थांची स्वस्त, सुबक मराठी पुस्तके घरोघर पोहोचली. मात्र त्यांचा खर्च, त्यांची निवड आणि त्यांचे वितरण या सर्वांचा उगम मॉस्कोत होता.

१९९१ नंतर

ऑगस्ट १९७१ च्या मैत्री करारानंतरची दोन दशके ही या अभ्यासाची भरतीची होती. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि रुपया-रूबल व्यापाराची जुनी व्यवस्था मोडली. मराठी पुस्तकांचा ओघ आटला. लोकमैत्री विद्यापीठाचे लुमुंबा हे नाव १९९२ मध्ये काढले गेले (ते २०२३ मध्ये पुन्हा देण्यात आले). विभाग बंद पडले नाहीत, परंतु रशियन शिकल्यावर काय करावयाचे, या प्रश्नाला पूर्वीसारखे एकच ठाम उत्तर उरले नाही.

केवळ राजकीय कारण पुढे करून हे समजत नाही. २०२२ नंतर भारताची रशियाकडून होणारी तेलाची आयात प्रचंड वाढली आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षात उभय देशांचा व्यापार ६५ अब्ज डॉलरच्या पुढे गेला. तथापि तेल खरेदीसाठी पोलाद कारखाना उभारण्याइतके दुभाषी लागत नाहीत. भिलाईत शेकडो माणसांना वर्षानुवर्षे एकमेकांशेजारी काम करावे लागले होते, आणि भाषेची गरज त्या शेजारातून निर्माण झाली होती.

असा शेजार आज आढळतो तो अन्यत्र. रशियातील वैद्यकीय विद्यापीठांत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांचे आरंभीचे शिक्षण पुष्कळदा इंग्रजीतून होते. परंतु रुग्णालयातील प्रत्यक्ष कामाची वर्षे आली की समोरचा रुग्ण इंग्रजी जाणत नाही. त्याला काय दुखते, केव्हापासून दुखते, हे त्याच्याच भाषेत विचारावे लागते आणि त्याचे उत्तर समजून घ्यावे लागते. या विद्यार्थ्यांत महाराष्ट्रातील मुलेमुलीही आहेत. त्यांची रशियन पुश्किनची नाही, अनुवादकाचीही नाही. आणि त्यांची गणना आपल्याकडील कोणत्याही रशियन विभागाच्या पटावर होत नाही.