‘ॲ’ कुठे गेला? नवी विंडोज आणि जुनं पुस्तक

पालीतून, सरसगडाच्या पायथ्यावरून बोलतोय. एक काम करा. मोबाइल काढा आणि ‘ॲप’ टाइप करा. जमलं ना? त्यातला ‘ॲ’ हा स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये आला थेट २००८ साली.

आजची गोष्ट त्याआधीच्या मराठी प्रोग्रामरांची. नवी सिस्टीम आली की त्यांच्यापुढे एकच प्रश्न असायचा: आता संदर्भाला कुठलं पुस्तक उघडायचं?

कुठल्या अक्षराला कुठला आकडा, हे ठरवणारं भारताचं कोष्टक म्हणजे इस्की. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट तंत्रज्ञान याच घराण्यातलं. १९९१ साली दोन गोष्टी घडल्या. भारतीय मानक ब्युरोनं इस्कीची नवी आवृत्ती काढली आणि युनिकोडची पहिली आवृत्ती आली. गंमत बघा, युनिकोडनं देवनागरीसाठी आधार घेतला होता तो १९८८च्या जुन्या इस्कीचा! दोन्ही कागद खरे, पण तंतोतंत सारखे नाहीत.

खरी परीक्षा झाली विंडोज २००० आल्यावर. विंडोज ९८वर मराठी म्हणजे फॉन्टची जादू, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले. त्या काळात मजकुराची बहुतेक फंक्शन्स दोन रूपांत असायची. एकाच्या शेवटी ‘ए’, दुसऱ्याच्या शेवटी ‘डब्ल्यू’. ‘ए’वालं रूप कोडपेज वापरायचं, म्हणजे अक्षरांचा छोटा तक्ता. विंडोज ९८साठी लिहायचं तर बहुतेक वेळा हेच रूप वापरावं लागे.

विंडोज २०००मध्ये मराठी अधिकृतपणे आली, पण तिच्यासाठी असं कोडपेज नव्हतंच. फक्त युनिकोड, म्हणजे ‘डब्ल्यू’. आता जुनं पुस्तक समोर ठेवून लिहिलेला प्रोग्राम नव्या विंडोजवर सुरू व्हायचा. एररसुद्धा नाही. पण युनिकोडमधलं मराठी नाव टाकलं की समोर काय? ????. जुन्या पुस्तकाचा धोका हाच. ते चुकलंय हे ते स्वतः सांगत नाही.

मग नेहमी नवंच पुस्तक घ्यायचं? तसंही नाही. ‘ॲ’ आला युनिकोड ५.१मध्ये. नवं कोष्टक वाचून तुम्ही तो वापरलात, आणि समोरच्याच्या जुन्या कॉम्प्युटरच्या फॉन्टमध्ये तो नसेल, तर त्याला दिसणार रिकामा चौकोन.

म्हणून लक्षात ठेवा. लिहायची पद्धत शिका नव्या आवृत्तीच्या कागदपत्रांतून. पण प्रत्येक सोय ‘कधीपासून’ आहे, ती ओळ आधी वाचा. अँड्रॉइडच्या अधिकृत संदर्भात ती फंक्शनच्या शेजारीच असते, कितव्या एपीआय लेव्हलला भर पडली ते सांगणारी. ती वाचा आणि मग आठवा, तुमच्या आजीकडचा फोन कुठल्या आवृत्तीवर चालतो.

ॲप तिच्याही फोनवर उघडलं पाहिजे की नाही?