पानिपतची ‘कारणे’ : एका शालेय प्रश्नाचे वाचन

पानिपतच्या तिसऱ्या युद्धाची कारणे लिहा, असे मराठी मुलांना सांगितले की उत्तर बहुधा पराभवाच्या कारणांचे येते. उत्तर भारतातील एका शहरात तेथील मराठी मंडळाने घेतलेल्या आंतरशालेय स्पर्धेतील निबंध तपासण्याचे काम मजकडे आले, तेव्हा ही गोष्ट प्रकर्षाने ध्यानात आली. लेखक नववी-दहावीतले, भाषा मराठी व हिंदी, विषय वर दिलेलाच आणि गुण वीस. बहुसंख्य निबंधांत युद्ध का झाले याला चार-सहा ओळी मिळाल्या होत्या आणि उरलेली पाने युद्ध का हरले यावर खर्ची पडली होती. बुणगे व यात्रेकरू यांचा भार, रसदेची कोंडी, गनिमी कावा सोडून गोलाच्या लढाईचा आग्रह, होळकरांचे रणातून निघून जाणे असे क्रमांक घातलेले मुद्दे एकामागून एक येत होते. परीक्षकांसाठी आयोजकांनी दिलेल्या आदर्श उत्तरातही हीच सरमिसळ होती. तेव्हा हा केवळ मुलांच्या अनवधानाचा प्रकार म्हणता येत नाही; त्याचे मूळ आपल्या वाङ्मयात आणि खुद्द भाषेत शोधावे लागते.

हे दोन प्रश्न वेगळे आहेत, इतकेच नव्हे तर त्यांचा काळही वेगळा आहे. पराभवाची मीमांसा १४ जानेवारी १७६१ च्या सायंकाळी उभी राहून मागे पाहते. युद्धाची मीमांसा त्या दिवसापूर्वीच संपली पाहिजे, कारण लढाईला तोंड लागले की युद्ध का झाले हा प्रश्न निकालात निघतो. त्या मीमांसेत १७५२ चा करार येतो. अब्दालीसारख्या शत्रूंपासून मोगल पातशाहीचे रक्षण करण्याची जबाबदारी त्या कराराने मराठ्यांनी पत्करली आणि मोबदल्यात पंजाबसह उत्तरेतील चौथाईचे हक्क मिळविले. १७५७ साली दिल्लीत हाती आलेला नजीबखान मल्हाररावांच्या रदबदलीमुळे सुटला. १७५८ मध्ये मराठी फौजा लाहोरात शिरल्या आणि अब्दालीचा पुत्र तैमूरशाह याला पंजाब सोडावा लागला. आता अब्दाली परतणार हे जवळजवळ ठरून गेले. जानेवारी १७६० मध्ये बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. सदाशिवरावभाऊ दक्षिणेतून निघाले ते यानंतर. या सगळ्यात बुणग्यांचा संबंध कोठे आला?

नैयायिकांनी याला समर्पक संज्ञा योजून ठेवली आहे. जे कार्यापूर्वी उपस्थित असते, पण ज्यावाचून कार्याचे अडत नाही, ते ‘अन्यथासिद्ध’. आणि त्याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे घटासाठी माती वाहून आणणारे कुंभाराचे गाढव. पराभवाच्या विचारात यात्रेकरूंना निश्चितच स्थान आहे, कारण खाणारी तोंडे त्यांनी वाढविली. युद्धाच्या विचारात मात्र ते कुंभाराच्या गाढवाहून अधिक काही नाहीत. (हे उदाहरण मी एका निबंधाच्या समासात लिहिलेही होते, मग मुलाला ते अपमानास्पद वाटेल म्हणून खोडले.)

मग ही गल्लत इतकी स्वाभाविक का वाटते? मराठीत ‘पानिपत’ हे केवळ गावाचे नाव राहिलेले नाही. एखाद्याचे पानिपत झाले म्हणजे त्याचा समूळ धुव्वा उडाला. विश्वास पानिपतावर गेला, असे आपण विश्वासरावांच्या नावावर श्लेष साधून सहज म्हणतो. ज्या शब्दाचा अर्थच पराभव असा रूढ झाला, त्याची ‘कारणे’ विचारल्यावर मूल पराभवाकडे वळले तर नवल नाही. हिंदी निबंधांत हा अर्थ नाही. तेथे पानिपत हे तीन लढायांचे एक ठिकाण आहे. मराठी मुले ‘आपण हरलो’ असे लिहितात, हिंदी माध्यमाची मुले ‘मराठे हरले’ असे लिहितात. कथनाचा पुरुष बदलला तरी हिंदी निबंधही सूरजमल जाटाचा सल्ला भाऊंनी मानला नाही याच मुद्द्यापाशी येऊन थांबतात, हे मात्र लक्षणीय आहे. पराजिताला बोल लावण्याचा मोह आप्त आणि परके दोघांनाही सारखाच होतो.

भाषेइतकाच वाटा बखरींचा. ‘भाऊसाहेबांची बखर’ नजीबाला अभय देण्याच्या प्रकरणाला जागा देते, पण ते पुढील अनर्थाचे बीज म्हणून. बखरीत कारण हे नेहमी कोणाच्या तरी स्वभावात असते: कोणाचा अहंकार, कोणाचा स्वार्थ, कोणाचे तारुण्य. आख्यान म्हणून ही रचना प्रभावी आहे. शोकात्मिकेच्या अभ्यासकाला ती ओळखीची वाटेल. तिच्याशेजारी काशिराज पंडिताची फारसी हकीकत ठेवून पाहावी. काशिराज शुजाउद्दौल्याच्या पदरी होता आणि तहाच्या बोलण्यांत स्वतः मध्यस्थ होता. त्याच्या वृत्तान्तात तहाची शक्यता दीर्घकाळ जिवंत राहते आणि ती कोणी मोडली, हेही दिसते: नजीबाने. तेथे युद्ध ही टळू शकणारी गोष्ट आहे; बखरीत ती अटळ आहे.

आधुनिक संशोधनानेही हा वारसा चटकन टाकला नाही. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या १८९८ सालच्या पहिल्या खंडात राजवाड्यांनी अस्सल पत्रे पुढे ठेवून ग्रँट डफला जाब विचारला, हे त्यांचे थोर कार्य, परंतु पानिपतच्या विवेचनात दोष कोणाचा हा प्रश्न त्यांनाही सुटला नाही. त्र्यं. शं. शेजवलकरांच्या ‘पानिपत : १७६१’ या ग्रंथात (इंग्रजी १९४६, मराठी १९६१) रणभूमीच्या तपशिलाबरोबरच मराठे तेथवर का गेले याचा राजकीय विचार आहे. माझ्या मते तोच त्या ग्रंथाचा अधिक टिकाऊ भाग होय. शालेय पुस्तकांतून मात्र शेजवलकरांचा रणविचार उतरला, राजकीय विचार फारसा उतरला नाही.

गुणदानाची अडचण येथे सुरू झाली. आदर्श उत्तराप्रमाणे मुद्दे मोजले तर विषय सोडून लिहिणाऱ्यास अधिक गुण पडत होते. एका मुलीचा निबंध १७५२ पासून आरंभ होऊन १७६० च्या ऑक्टोबरात कुंजपुरा मराठ्यांनी जिंकला तेथे थांबत होता. पुढे एकच वाक्य होते: आता दोघांनाही मागे जाता येत नव्हते. लढाईचे वर्णन नाही, विश्वासराव नाहीत, संक्रांत नाही, मुद्द्यांना क्रमांक नाहीत. सहपरीक्षकांनी ‘अपूर्ण’ असा शेरा देऊन आठ गुण सुचविले होते. त्यांचे म्हणणे असे की, पानिपतावर लिहायचे आणि १४ जानेवारीचा उल्लेख करायचा नाही, हे वाचणाऱ्याला खटकते. ते मलाही खटकले होते. पण प्रश्नपत्रिका पुन्हा वाचली, तेव्हा तीत १४ जानेवारी कोठेच विचारलेली नव्हती. मी सतरा दिले. दोहोंची सरासरी साडेबारा निघाली, आणि पारितोषिक यात्रेकरूंवर दीड पान लिहिणाऱ्या निबंधाला गेले.