माणगावच्या परिसरातील एकदिवसीय भटकंती : डोंगर निवडताना

गणपतीला गावी निघालेल्या चाकरमान्यांना माणगाव आठवते ते महामार्गावरील वाहनांच्या रांगांमुळे. मात्र याच गावाच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी आहे आणि पश्चिमेला राजपुरीची खाडी आत शिरली आहे. त्यामुळे मुंबईकरांना एका दिवसात पाहता येतील अशी अनेक ठिकाणे माणगावच्या आसपास एकवटली आहेत. प्रश्न उरतो तो निवडीचा. छायाचित्रे पाहून बेत ठरवणारे बहुधा वेळेच्या हिशेबात चुकतात.

आधी हिशेब, मग डोंगर

मुंबई ते माणगाव हे अंतर सुमारे दीडशे किलोमीटर आहे. महामार्गाची अवस्था आणि वाटेतला खोळंबा लक्षात घेता चार तास धरावेत. तेवढाच वेळ परतीला लागतो. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दाट झाडीत त्याआधीच अंधारते. पहाटे पाचला घर सोडले, तरी प्रत्यक्ष चालण्यासाठी सहा-सात तासच हाती राहतात. त्यातही दुपारी दोनच्या पुढे चढण सुरू ठेवू नये.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. घाटमाथ्यावरील किल्ल्यांची बरीचशी चढण गाडीच उरकते. कोकणातील पायथा मात्र समुद्रसपाटीपासून फारसा उंच नसतो. गडाची जवळजवळ सारी उंची पायांनीच चढावी लागते, तीही दमट हवेत. लोणावळ्याच्या अनुभवावरून इथला वेळ ठरवणाऱ्यांची फसगत होते ती यामुळेच.

कुणासाठी कोणती वाट?

मानगड : प्रथमच डोंगर चढणाऱ्यांसाठी ही उत्तम सुरुवात. निजामपूरजवळील मशीदवाडी हे पायथ्याचे गाव. वाटेत विंझाई देवीचे मंदिर लागते. तेथे विसावा घेऊन सावकाश चालले, तरी तासा-दीड तासात माथा गाठता येतो. कातळात खोदलेली टाकी आणि पूर्वेकडील सह्याद्रीची रांग पाहून दुपारच्या आत खाली उतरता येते.

तळगड आणि कुडे लेणी : मुले व ज्येष्ठ बरोबर असतील, तर इंदापूरहून तळ्याकडे वळावे. तळे गावाला लागूनच गडाची छोटी चढण आहे. १६६५च्या पुरंदर तहानंतर शिवाजी महाराजांकडे राहिलेल्या बारा किल्ल्यांत तळगड होता. पुढे खाडीवर नजर ठेवणाऱ्या टेकडीत कुडे येथील बौद्ध लेणी आहेत. तेथील शिलालेखांत दान देणाऱ्यांमध्ये राजघराण्यातील मंडळींबरोबरच वैद्य, माळी आणि लोखंडाचा व्यापारी यांचेही उल्लेख येतात. खाडीच्या काठी एकेकाळी गजबजलेल्या व्यापाराची ही साक्ष होय.

कुर्डूगड ऊर्फ विश्रामगड : सराव असलेल्यांसाठी. जिते गावातून सुमारे दोन तासांची दमवणारी चढण आहे. कुर्डाई देवीचे मंदिर, प्रचंड सुळका आणि त्याच्या पोटातील नैसर्गिक गुहा ही येथील वैशिष्ट्ये. गुरांच्या वाटा जागोजागी फुटत असल्याने गावातून वाटाड्या घेणे श्रेयस्कर.

रायगड : पाचाडहून चौदाशेहून अधिक पायऱ्या चढायच्या. ज्यांना शक्य नाही त्यांच्यासाठी रज्जुमार्ग आहे. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या बारा किल्ल्यांत रायगडही आहे. गडावर पाहण्यासारखे इतके आहे, की त्या दिवशी दुसरे काहीही जोडू नये. सुटीचा दिवस आणि शिवराज्याभिषेक सोहळ्याचा काळ टाळल्यास गड निवांत पाहता येतो.

पावसाचा मोह

ताम्हिणी, कुंभे आणि भिऱ्याजवळील देवकुंड ही नावे पावसाळ्यात सर्वतोमुखी होतात. दुर्घटनाही याच काळात घडतात. जुलै २०२४ मध्ये कुंभे येथे चित्रीकरण करताना दरीत कोसळून एका पर्यटक तरुणीचा मृत्यू झाला. खाली ऊन पडलेले असले, तरी घाटमाथ्यावर सर कोसळली, की ओढ्याचे पाणी पाहता पाहता वाढते आणि परतीची वाट बंद होते. भिजलेल्या डोंगरांचेही भान हवे. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक जणांचा बळी गेला होता.

पावसाळ्यात प्रशासन अशा धबधब्यांवर बंदी घालते. निघण्यापूर्वी त्याची चौकशी करावी आणि बंदी असल्यास चोरवाटेने जाऊ नये. देवकुंड पाहायचेच असेल, तर पाऊस सरल्यावर, ओढे उतरल्यावर जावे. पाणी तेव्हाही असते आणि ते नितळ असते. गडवाटांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. मार्चनंतर जायचे झाल्यास उन्हे चढण्यापूर्वी माथा गाठावा.

कसे जाल?

माणगाव हे कोकण रेल्वेचे स्थानक आहे. मात्र सर्वच गाड्या तेथे थांबत नाहीत. माणगावहून निजामपूरकडे एसटी आणि रिक्षा मिळतात. आडगावात उतरतानाच परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ वाहकाला विचारून ठेवावी. माणशी किमान तीन लिटर पाणी, विजेरी आणि प्रथमोपचाराचे साहित्य जवळ असावे. कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजता उतरणार, हे पायथ्याच्या गावात व घरी सांगून निघावे. डोंगरात मोबाइलला संपर्कक्षेत्र मिळेलच असे नाही. ते मिळाल्यास संकटकाळी ११२ या क्रमांकावर मदत मागता येते.

बरोबरच्या मंडळींत सर्वांत हळू चालणारा जो असेल, त्याच्या चालीवरून डोंगर निवडावा. त्याला दमछाक न होता उजेडात खाली उतरता आले, म्हणजे निवड योग्य झाली असे समजावे. माथा राहिला, तरी खंत नको. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा येता येते.