प्रवाळ मत्स्यालयाचा घरगुती नियंत्रक

प्रवाळ मत्स्यालयाचा घरगुती नियंत्रक हे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातील तापमान, पाण्याची पातळी, सामू आणि प्रकाश यांवर लक्ष ठेवणारे व त्यानुसार पंप, हीटर, चिलर, दिवे ही उपकरणे चालू-बंद करणारे, हौशी व्यक्तीने स्वतः जोडलेले इलेक्ट्रॉनिक उपकरण आहे. त्याचे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे सेन्सर आणि मायक्रोकंट्रोलर असलेला कमी दाबाचा विभाग. दुसरा म्हणजे पॉवर बार, अर्थात प्रत्येक सॉकेट स्वतंत्रपणे चालू-बंद करता येईल असा एक्स्टेंशन बोर्ड. पहिला भाग पाच किंवा बारा व्होल्टवर चालतो, तर दुसऱ्यातून घरातील मुख्य वीजप्रवाह वाहतो. हे दोन विभाग एकाच खोक्यात, खाऱ्या पाण्यापासून हातभर अंतरावर नांदतात. बांधणीतील बहुतेक अडचणी याच शेजारातून उद्भवतात.

पार्श्वभूमी

प्रवाळ हे उष्ण कटिबंधातील उथळ व स्वच्छ समुद्रात वाढणारे प्राणी आहेत. तेथील पाण्याचे गुणधर्म फार सावकाश बदलतात. घरातील टाकीत मात्र पाणी मोजके असल्याने काही तासांतही मोठा फरक पडू शकतो. तापमान २५ ते २७ अंश सेल्सियस, क्षारता दर हजार भागांत सुमारे ३५ भाग आणि सामू, म्हणजेच पीएच, ८.१ ते ८.४ ही सर्वसाधारणपणे पाळली जाणारी मर्यादा आहे. पाणी दीर्घकाळ ३० अंशांच्या वर राहिले, तर प्रवाळ आपल्या ऊतींतील सहजीवी शैवाले गमावतात आणि पांढरे पडतात.

नियंत्रक येण्यापूर्वी प्रत्येक उपकरणाला आपापला यांत्रिक टायमर किंवा थर्मोस्टॅट असे. या सुट्या यंत्रणांना एकमेकींची खबर नसते. त्यामुळे एका बाजूने हीटर पाणी तापवत आहे आणि दुसऱ्या बाजूने चिलर तेच पाणी थंड करत आहे, असा प्रकार घडू शकतो. अमेरिकेत १९९०च्या दशकात नेपच्यून सिस्टिम्स या कंपनीचा ‘अ‍ॅक्वाकंट्रोलर’ बाजारात आला. पुढे जर्मनीतील जीएचएल कंपनीचा ‘प्रोफिलक्स’ही प्रसिद्धीस आला. अ‍ॅक्वाकंट्रोलर सुरुवातीला ‘एक्स-१०’ पद्धतीने घराच्या विजेच्या तारांतूनच संदेश पाठवून सॉकेट चालू-बंद करी. असा संदेश वाटेत हरवला, तरी तो पोहोचला की नाही हे नियंत्रकाला कळत नसे. पुढे प्रत्येक सॉकेट केबलने थेट जोडणारे बार प्रचारात आले.

इटलीतील इव्रेआ येथे २००५ मध्ये सुरू झालेल्या अर्डुइनो प्रकल्पामुळे मायक्रोकंट्रोलर वापरणे अभियंता नसलेल्यांच्याही आवाक्यात आले, आणि घरगुती नियंत्रकांना खरी चालना मिळाली. २०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आल्यावर मोबाईलवरून टाकी पाहण्याची सोय घरच्या घरी करता येऊ लागली. ‘रीफ-पाय’ ही गो भाषेत लिहिलेली मुक्तस्रोत प्रणाली याच संगणकावर चालते.

नियंत्रक व सेन्सर

‘अर्डुइनो मेगा २५६०’ हा फलक या कामासाठी लोकप्रिय आहे. त्यावर ५४ डिजिटल आणि १६ अ‍ॅनालॉग जोडणीबिंदू असल्याने सेन्सर, रिले व पडदा यांना जागा पुरते. वेळेसाठी बॅटरीवर चालणारे घड्याळ वेगळे जोडावे लागते. ‘डीएस३२३१’ हे घड्याळ तापमानातील बदलाची भरपाई स्वतः करते, म्हणून वर्षाकाठी एखाद्या मिनिटापलीकडे चुकत नाही.

तापमानासाठी ‘डीएस१८बी२०’ हा डिजिटल सेन्सर जवळजवळ सर्वत्र वापरला जातो. त्याची अचूकता अर्ध्या अंशापर्यंत असते, आणि प्रत्येक सेन्सरला स्वतःचा ६४ बिटांचा क्रमांक असल्याने एकाच तारेवर अनेक सेन्सर जोडता येतात. त्यासाठी संदेशाची तार व पाच व्होल्ट यांच्या दरम्यान ४.७ किलोओहमचा रोधक लागतो. बाजारात तो पोलादी टोपणात बंद करून ‘जलरोधक’ म्हणून मिळतो. हे टोपण गोड्या पाण्यात टिकते, पण समुद्राच्या पाण्यात त्यावर गंज चढतो. म्हणून त्यावर इपॉक्सीचा थर देतात किंवा तो प्लॅस्टिकच्या बंद नळीत बसवतात. तांब्याचा उघडा भाग पाण्यात राहू नये, ही खबरदारी अधिक महत्त्वाची आहे, कारण तांबे प्रवाळांना व इतर अपृष्ठवंशी प्राण्यांना विषारी असते.

सामू मोजणारा काचेचा इलेक्ट्रोड अतिशय क्षीण संकेत देतो. २५ अंश तापमानाला सामूच्या एका एककामागे सुमारे ५९ मिलिव्होल्ट एवढाच फरक पडतो. तो टिपण्यासाठी अतिउच्च रोधाचा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. शिवाय त्याच पाण्यात बुडालेल्या पंपांमुळे वाचन भरकटू नये म्हणून हे मंडल बाकीच्या मंडलापासून विद्युतदृष्ट्या विलग ठेवावे लागते. या कामासाठी तयार मंडल विकत घेणे शहाणपणाचे ठरते. सामूच्या वाचनावरून एखादे रसायन आपोआप टाकीत सोडण्याची व्यवस्था नवशिक्याने करू नये. इलेक्ट्रोड जुना झाला की त्याचे वाचन सरकत जाते आणि नियंत्रक त्या चुकीच्या आकड्यावर विश्वास ठेवून काम करत राहतो.

पॉवर बार

बारमधील प्रत्येक सॉकेटची फेजची तार एका रिलेतून जाते. न्यूट्रल व अर्थिंग मात्र सर्व सॉकेटना सरळ जोडलेले असतात. अमेरिकेत, जेथे वीज १२० व्होल्टची असते, हौशी लोक भिंतीतील जोड-सॉकेट वापरतात. त्याच्या दोन तोंडांना जोडणारी फेजच्या बाजूची, म्हणजे पितळी स्क्रूकडील, पट्टी पक्कडीने तोडली की दोन्ही तोंडे स्वतंत्र होतात. रुपेरी स्क्रूकडील न्यूट्रलची पट्टी तशीच ठेवतात. भारतात सहा अँपिअरचे सुटे सॉकेट प्लॅस्टिकच्या बोर्डात बसवले की हेच साधते.

स्वस्त रिले फलकांवरील प्रत्येक रिलेची गुंडाळी पाच व्होल्टवर सुमारे ७० मिलिअँपिअर घेते. आठ रिले एकदम चालू झाले तर ही मागणी अर्ध्या अँपिअरच्या वर जाते. म्हणून ही वीज अर्डुइनोच्या फलकावरून न घेता वेगळ्या पुरवठ्यातून घ्यावी. रिलेवर ‘१० अँपिअर, २५० व्होल्ट’ असे छापलेले असले, तरी ती मर्यादा साध्या रोधक भाराची असते. पंप व चिलरची मोटर सुरू होताना कित्येक पट प्रवाह खेचते आणि बंद होताना संपर्कबिंदूंवर ठिणगी पाडते. अशा सॉकेटवर रोधक व कपॅसिटर यांची ठिणगीशामक जोडी लावतात, आणि रिले छापील क्षमतेच्या निम्म्याहून कमी भारावर वापरतात.

घन-अवस्था रिले, म्हणजे सॉलिड स्टेट रिले, आवाज करत नाहीत आणि त्यांचे संपर्कबिंदू झिजत नाहीत. तथापि त्यांचे दोन दोष आहेत. बंद असतानाही त्यांतून मिलिअँपिअरभर प्रवाह झिरपतो, त्यामुळे लहान एलईडी दिवा मिणमिणत राहतो. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. हे रिले बिघडतात तेव्हा बहुधा ‘चालू’ अवस्थेत अडकतात. यामुळे हीटरच्या सॉकेटसाठी एकट्या घन-अवस्था रिलेवर विसंबणे योग्य नाही.

बिघाडाच्या वेळचे वर्तन

नियंत्रक चालू असताना काय करतो यापेक्षा तो बंद पडल्यावर प्रत्येक सॉकेट कोणत्या अवस्थेत राहतो, हा बांधणीतील निर्णायक प्रश्न आहे. यांत्रिक रिलेला दोन बाजू असतात. एक बाजू गुंडाळीत वीज नसताना उघडी असते, तर दुसरी जोडलेली असते. पाणी खेळते ठेवणारे पंप दुसऱ्या बाजूला जोडतात. नियंत्रक निकामी झाला तरी पंप फिरत राहतात आणि पाण्यातील प्राणवायू टिकतो. हीटर, चिलर आणि पाणी भरणारा पंप पहिल्या बाजूला जोडतात, म्हणजे नियंत्रक गेला की तेही थांबतात.

हीटरबाबत एवढ्यावर भागत नाही. ३०० लिटर पाण्यात ३०० वॅटचा हीटर अडकून चालूच राहिला, तर बाहेर जाणारी उष्णता न धरता पाणी ताशी सुमारे ०.९ अंशाने तापते. रात्री अकरा वाजता २६ अंशांवर असलेले पाणी पहाटेपर्यंत प्रवाळांना घातक पातळी गाठते, आणि हे सर्व घर झोपलेले असताना घडते. यावर रूढ उपाय असा की, हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट काढून न टाकता तो नियंत्रकाच्या मर्यादेपेक्षा अंशभर वर लावून ठेवायचा. मग टाकी शिजण्यासाठी दोन स्वतंत्र यंत्रणा एकाच वेळी बिघडाव्या लागतात. ३०० वॅटच्या एका हीटरऐवजी १५० वॅटचे दोन हीटर दोन सॉकेटवर लावल्यास एक अडकला तरी तापण्याचा वेग निम्मा होतो.

प्रोग्रॅममधील चुकाही तितक्याच घातक असतात. डीएस१८बी२० सेन्सरची तार निसटली, तर प्रचलित अर्डुइनो लायब्ररी उणे १२७ हा आकडा देते. भोळा प्रोग्रॅम याचा अर्थ ‘पाणी फार थंड आहे’ असा घेतो आणि हीटर चालू ठेवतो. उलट, सेन्सरला नुकतीच वीज मिळाली असेल व मोजणी पूर्ण होण्यापूर्वी वाचन घेतले, तर ८५ अंश हा आकडा मिळतो. बारा बिटांच्या मोजणीस ०.७५ सेकंद लागतो, तेवढे थांबणे आवश्यक असते. १५ अंशांखालील व ४० अंशांवरील प्रत्येक वाचन अविश्वसनीय मानून हीटर व चिलर दोन्ही बंद करणे आणि भोंगा वाजवणे, ही चार ओळींची तरतूद कोणत्याही शोभिवंत पडद्यापेक्षा मोलाची आहे.

अनेक रिले फलक शून्य व्होल्टवर ‘चालू’ होतात. अशा फलकांवर जोडणीबिंदू प्रथम उच्च पातळीवर नेऊन मगच त्याला आउटपुट घोषित करावे लागते. हा क्रम चुकला तर प्रत्येक वेळी नियंत्रक सुरू होताना सर्व रिले क्षणभर खटकन लागतात. अडकलेला प्रोग्रॅम पुन्हा सुरू करण्यासाठी मायक्रोकंट्रोलरमधील वॉचडॉग टायमर वापरतात. जुन्या मेगा फलकांवरील बूटलोडर मात्र वॉचडॉगनंतर कायमचा अडकून बसत असे, त्यामुळे वापरण्यापूर्वी तो तपासून पाहावा लागतो.

पाण्याची पातळी

टाकीतील पाण्याची वाफ होते तेव्हा मीठ मागेच राहते, म्हणून घट भरून काढण्यासाठी गोडे पाणीच घालावे लागते. पातळी ओळखण्यासाठी चुंबक व रीड स्विच असलेला तरता स्विच वापरतात. त्याच्या दांड्यावर गोगलगाय चढली किंवा मिठाचा थर जमला की तो अडकतो आणि पंप थांबत नाही. यासाठी वर दुसरा तरता स्विच बसवतात आणि पंप सलग किती वेळ चालावा यास प्रोग्रॅममध्ये मर्यादा घालतात. सर्वांत भरवशाचा उपाय मात्र इलेक्ट्रॉनिक नाही. गोड्या पाण्याचा साठाच लहान ठेवायचा. ३०० लिटरच्या टाकीत २० लिटरचा पूर्ण साठा रिकामा झाला तरी क्षारता ३५ वरून सुमारे ३३ पर्यंतच उतरते.

वीज गेल्यावर वरच्या टाकीतील काही पाणी खालच्या गाळणटाकीत उतरते, तेवढी रिकामी जागा तेथे असावी लागते. वीज परतल्यावर सर्व उपकरणे एकदम सुरू करत नाहीत. आधी परतीचा पंप, पातळी स्थिरावल्यावर फेस काढणारा स्किमर, आणि काही मिनिटांनी चिलर असा क्रम ठेवतात. चिलरचा कॉम्प्रेसर बंद झाल्यावर लगेच पुन्हा सुरू केल्यास त्यावर ताण येतो.

विद्युत सुरक्षा

खाऱ्या पाण्यात हात घालणाऱ्या माणसासाठी गळती प्रवाह तोडणारे साधन अनिवार्य आहे. भारतात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी वापरतात. अमेरिकेतील जीएफसीआय सुमारे ५ मिलिअँपिअरलाच तुटतो. फ्यूज किंवा एमसीबी हे काम करत नाहीत. ते जादा भार व शॉर्टसर्किट यांपासून तारेचे रक्षण करतात, माणसाचे नव्हे. आरसीसीबी तुटला की पंपही थांबतात, म्हणून काही जण उपकरणे दोन आरसीसीबींवर विभागतात.

खोक्यातील मुख्य विजेच्या व कमी दाबाच्या तारा वेगळ्या बाजूंनी नेतात आणि त्यांत पडदी घालतात. स्क्रूखाली जाणाऱ्या तारेच्या टोकाला डाग न देता लग दाबून बसवतात, कारण कथिलाचा मऊ डाग दाबाखाली हळूहळू बसतो आणि स्क्रू सैल होऊन जोड तापतो. बार टाकीच्या वर किंवा बाजूला, भिंतीवर लावावा. टाकीखालच्या कपाटात ठेवू नये. टाकीतून येणारी प्रत्येक वायर सॉकेटपेक्षा खाली झोल देऊन वर नेतात. वायरवरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकते, सॉकेटपर्यंत जात नाही. मीठही ओलाव्याबरोबर वायरवरून सरकत जाते, त्यामुळे सॉकेट वरचेवर कोरड्या फडक्याने पुसावे लागतात, अर्थातच वीज बंद करून. मुख्य विजेचा भाग परवानाधारक वायरमनकडून तपासून घेणे इष्ट असते.

भारतातील परिस्थिती

मुंबई व कोकण किनाऱ्यावर वर्षाचा बराचसा काळ हीटरची गरज भासत नाही. येथे नियंत्रकाचा मुख्य भार चिलरवर पडतो, आणि परदेशी आराखड्यांतील सॉकेटांची वाटणी त्यानुसार बदलावी लागते. २३० व्होल्टमुळे त्याच वॅटसाठी प्रवाह अमेरिकेच्या जवळपास निम्मा लागतो, मात्र त्या आराखड्यांतील तेथील दाबासाठीचे सुटे भाग येथे चालत नाहीत. अर्डुइनो, रिले फलक व सेन्सर मुंबईतील लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यातील बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या परिसरातील दुकानांत मिळतात.

कठीण प्रवाळांचा २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत समावेश झाला. त्यामुळे मालवणसह भारतीय किनाऱ्यावरून असे प्रवाळ गोळा करणे किंवा विकणे हा गुन्हा आहे.