मलिक अंबरची नहर आणि आमचा एक रविवार

थोडं मोठं लिहिलंय, सवडीनं वाचा.

मे २००० पर्यंत साध्या माणसाच्या हातातल्या जीपीएसला अमेरिकेचं सरकार मुद्दाम अंधूक सिग्नल द्यायचं. जागा शंभरेक मीटर इकडं-तिकडं दिसायची. अध्यक्ष क्लिंटन यांनी ही अडवणूक उठवली आणि दोनच दिवसांत, ३ मे रोजी, ओरेगन राज्यात डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थानं रानात एक बादली अर्धवट पुरली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. आत वही, पेन्सिल आणि काही किरकोळ वस्तू. ज्याला सापडेल त्यानं एखादी वस्तू घ्यावी, एखादी ठेवावी, वहीत नाव लिहावं. यातून जिओकॅशिंग हा खेळ निघाला. आता जगभर लोक पोराबाळांना घेऊन सुट्टीच्या दिवशी असे डबे शोधत हिंडतात.

(नाव लिहायची खोड मात्र जुनी. जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं एप्रिल १८१९ मध्ये अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात खांबावर नाव आणि तारीख कोरून ठेवली. त्याच्याकडं वही नसेल असं समजू. दौलताबादेच्या भिंतीवर बाण मारलेला बदाम कोरणाऱ्यांचं काय करायचं?)

आमच्या लेकीला हा खेळ मोबाइलवर सापडला आणि दिवाळीच्या सुट्टीत तिनं घर डोक्यावर घेतलं. आम्ही राहतो फुलंब्रीला. "बाबा, आपल्या जवळपास कुणी डबाच लपवलेला नाही," ती हिरमुसून म्हणाली. मी म्हणालो, डबा नसेल, पण लपलेलं पुष्कळ आहे. शहरात जाताना हर्सूल लागतं ना, तिथं चल.

हर्सूलच्या परिसरातून जुन्या शहराकडं जमिनीखालून एक पाण्याची वाट जाते. तिचं नाव नहर-ए-अंबरी. इथल्या माणसाला नाव ठाऊक असतं, बघितलेली नसते. मीही वीस वर्षं बातमीदारी करताना तिच्यावर दोन-तीन वेळा लिहिलं, तेही पाणीटंचाईच्या बातमीला चौकट म्हणून.

मलिक अंबर हा इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हात बदलत बदलत दख्खनेत आला. इथं त्याला विकत घेतलं निजामशाहीच्या चंगेजखान या पेशव्यानं, जो स्वतःही हबशीच होता. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांकडं गेल्यावर बुडत चाललेली निजामशाही या माणसानं पुढं पाव शतक तरंगती ठेवली. १६१० च्या सुमारास खडकी या गावाच्या जागी त्यानं राजधानी वसवली. १६१६ मध्ये मोगलांनी ती जाळली, लुटली. गडी पुन्हा उभा राहिला. १६२४ ला भातवडीच्या लढाईत तलावाचं पाणी सोडून शत्रूच्या छावणीचा चिखल करणारा हाच, आणि त्या लढाईत त्याच्या बाजूनं लढले शहाजीराजे. पाण्याचं मोल आणि पाण्याची ताकद, दोन्ही कळलेला माणूस. १६२६ ला तो वारला, कबर खुलताबादला आहे.

नहरीचं काम याच धामधुमीच्या काळातलं. राजधानी वसवली त्या खोलगट जागेला भोवती डोंगर. पावसाचं पाणी डोंगराच्या पायथ्याशी मुरतं आणि जमिनीखालून सरकत राहतं. त्या मुरलेल्या पाण्याच्या थरापर्यंत भुयार खणायचं, झिरपणारं पाणी त्यात गोळा करायचं आणि अगदी हलका उतार देऊन शहरात आणायचं. ना मोट, ना बैल. उतार जास्त झाला तर पाणी बांधकाम खरवडतं, कमी झाला तर गाळ बसतो. वाटेत ठरावीक अंतरावर विहिरीसारखी उभी तोंडं ठेवली. बांधताना माती बाहेर काढायला, नंतर गाळ उपसायला आणि हवा खेळायला. इराणात अशा भुयारांना कनात म्हणतात, बिदरला करेज म्हणतात. पुण्यात पेशव्यांनी कात्रजहून पाणी आणलं तेव्हा वाटेत उच्छ्वास बांधले, काम तेच. आपल्याकडं पुढं आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीचं जातं ज्या पाण्यावर फिरायचं तेही अशाच एका नहरीचं.

आता खेळाकडं येतो. नहरीचं एखादं तोंड सापडलं की तेवढ्यानं दिशा कळत नाही. दोन सापडली की रेघ मारता येते आणि तिसरं साधारण कुठं असेल याचा अंदाज येतो. लेकीच्या हातात मोबाइल, लेकाच्या हातात वही. पहिलं तोंड मला माहीत होतं. दुसऱ्यासाठी दीड तास गेला. घाणेरीच्या जाळीत शिरून बायकोनं ते शोधलं. आमचं लक्ष उंचवट्याकडं होतं, तिनं खाली पडलेला चुना आणि विटांचे तुकडे बघितले. एक म्हातारे काका शेळ्या घेऊन चालले होते. "काय शोधायलात?" म्हणाले. सांगितलं तर हसले. "अवो, तिथं बसूनच तर आमी भाकर खातो." तिसरं त्यांनी दाखवलं.

त्या तिसऱ्या तोंडाशी सगळे गप्प बसलो. आत काळोख. कान दिला तर खाली बारीक आवाज, पाणी चालल्याचा. चारशे वर्षं होऊन गेली! पोरगा हळूच म्हणाला, "बाबा, हे कुणी चालू ठेवलंय?" कुणी नाही, म्हणालो. उतार चालू ठेवतो.

चौथं सापडलं त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या गळ्यापर्यंत. पाचव्यावर पक्का ओटा बांधलेला. रेघ बरोबर ओट्याखाली जात होती. सहाव्याजवळ गेल्यावर नाक धरावं लागलं, कुणीतरी संडासाचा पाइप आत सोडलाय. त्याच्या पुढच्या तोंडांत काय असेल ते सांगायला नको. पोरीनं वहीत सहाही जागांचे आकडे लिहिले, पुढं एक-एक शब्द: बंद, ओलं, वाहतं, कचरा, ओटा, घाण.

नहरीनं शहराची तहान भागेल असं सांगणारे फॉरवर्ड मलाही येतात. ते सोडून द्या. २०११ च्या जनगणनेत इथं पावणेबारा लाख माणसं होती, आता कितीतरी जास्त. त्यांना जायकवाडीच लागणार. पण जायकवाडीचं गणित नेमकं उलटं आहे. पैठण खाली, शहर वर. थेंब न थेंब विजेच्या पंपानं चढवावा लागतो. वीज गेली, पाइप फुटला की वेळापत्रक कोलमडतं आणि आठ-आठ दिवस नळ कोरडा. १,६८० कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं, नंतर खर्चाचा आकडा फुगतच गेला. एवढ्या पैशांपुढं नहरीच्या तोंडांवर जाळ्या बसवायला आणि त्यांची यादी करायला किती लागतील?

यादी म्हणतोय ते उगाच नाही. मागं एका कार्यालयात मी विचारलं होतं, नहरीची तोंडं किती, कुठं, कोणती चालू. साहेबांनी तीन टेबलं फिरवली, चहा पाजला, यादी काही मिळाली नाही. यादी नाही म्हणून रस्ता करणारा कंत्राटदार जेसीबी बिनधास्त चालवतो. त्यालाही दोष कसा द्यायचा, त्याच्या नकाशावर तिथं काहीच नाही.

बुऱ्हाणपूरला हीच विद्या अब्दुल रहीम खानखाना यांच्या काळात वापरली गेली. हा खानखाना दख्खनेतला मलिक अंबरचा प्रतिस्पर्धी मोगल सरदार. तिथला कुंडी भंडारा लोक मुद्दाम बघायला जातात आणि २०२४ मध्ये तो युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेला. खडकीचं फतेहनगर झालं, मग औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. प्रत्येक नावावर आपण भांडलो. खालून वाहणाऱ्या नहरीचं नाव तेवढं कुणी बदललं नाही, कारण तिच्याकडं कुणाचं लक्षच गेलं नाही.

आमच्या वहीत सध्या सहा तोंडं आहेत. आकडे इथं टाकत नाही. जिओकॅशिंगवाले डब्याची जागा जाहीर करतात कारण डबा गेला तर दुसरा ठेवता येतो. इथं विटा उचलून नेणारे आहेत आणि गुप्तधन शोधणारेही. तुमच्या गल्लीत, वाड्यात, शेताच्या बांधावर असं तोंड असेल तर फोटो आणि जागा मला इनबॉक्समध्ये पाठवा. पाणी वाहतंय की साचलंय तेही लिहा. आत उतरू नका, खाली कोंडलेला वायू असतो. लेकरांना काठावर वाकू देऊ नका. शंभर नोंदी झाल्या की एक प्रत महापालिकेत, एक पुरातत्त्व खात्यात देणार आणि दोन्हीकडची पोच इथं टाकणार.