पेशीच्या तटाचे दरवाजे

आपल्या शरीरांतील प्रत्येक पेशीभोंवतीं एक अत्यंत पातळ आवरण असतें. लायडेन येथील गॉर्टर व ग्रेंडेल यांनीं तांबड्या रक्तपेशींचा अभ्यास करून १९२५ सालीं असें अनुमान काढलें, कीं हा तट स्निग्ध द्रव्याच्या दोन थरांचा आहे. पण मीठ तेलांत विरघळत नाहीं. मग तें या तटापलीकडे जातें कसें?

तटाला प्रथिनांचे दरवाजे आहेत. त्यांपैकीं एका दरवाज्याची रीत रॉबर्ट क्रेन यांनीं १९६० सालीं प्राग येथें मांडली. आंतड्याच्या पेशींत द्राक्षशर्करा व मिठांतील सोडियम हीं जोडीनें शिरतात, आणि त्यांच्यामागून पाणीहि आंत ओढलें जातें.

पटकीच्या रोग्याचें पाणी व क्षार झपाट्यानें वाहून जातात. नुसतें पाणी पाजून भागत नाहीं. परंतु हा दरवाजा त्या रोगांतहि चालूच राहतो. १९७१ सालीं बांगलादेशच्या युद्धकाळांत बनगांवच्या निर्वासितांत पटकी पसरली. शिरेंतून देण्याचें सलाइन अपुरें पडलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनोबिस यांनीं मीठ, खाण्याचा सोडा व द्राक्षशर्करा यांचें पाणी पिंपांत भरून ठेवलें. आप्तांनींच तें रोग्यांना पाजलें. मृत्यूंचें प्रमाण शेंकडा सुमारें ३० होतें, तें ३·६ वर आलें.

आज मुलाला जुलाब होऊं लागतांच आई मीठ-साखरेचें पाणी करते. त्या मिठाला साखरेची सोबत कां हवी, याचें उत्तर पेशीच्या या दरवाज्यांत आहे.